मेडिकलच्या काउंटरवरून : सर्दी-खोकल्याची पत्रं

थंडी पडली की दुकानात दोन प्रकारची माणसं वाढतात. एक, "मॅडम, काहीतरी स्ट्राँग द्या" म्हणणारी. दुसरी, मोबाइलवर कुठल्याशा बाटलीचा फोटो पुढे धरून "हेच द्या, शेजारच्यांना लागू पडलं" म्हणणारी. या महिन्यात संपादकांनी पाठवलेल्या गठ्ठ्यात दोन्ही प्रकारची पत्रं आहेत.

मी डॉक्टर नाही. साताऱ्यात एसटी स्टँडजवळ मेडिकल चालवणारी फार्मासिस्ट आहे. तपासणं माझ्या अखत्यारीत येत नाही. स्ट्रिपमध्ये आणि बाटलीत काय आहे, ते कशाबरोबर घ्यायचं नाही, हे सांगणं मात्र माझंच काम. एक तक्रार आधीच नोंदवते : बहुतेकांनी औषधाचं ठळक नाव लिहिलंय, त्याखालची बारीक अक्षरं कुणी लिहीत नाही. माझं निम्मं उत्तर त्या अक्षरांत असतं.

प्रश्न : ताई, मिस्टरांना दोन दिवस सर्दी, ताप, अंगदुखी आहे. दवाखान्यात यायला तयार नाहीत. सर्दीची गोळी दिवसातून तीनदा, तापाची ६५०ची गोळी तीनदा, आणि कंबर धरलीय म्हणून घरात होती ती दुखण्याची गोळी सकाळ-संध्याकाळ देते आहे. तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत, तर चालतील ना? रात्री जेवणाआधी त्यांची थोडी 'बसायची' सवयही सुटत नाही. — वाचक भगिनी, वाळवा तालुका

वहिनी, तुमच्या पत्राला अंक निघेपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं, म्हणून संपादकांकडून नंबर घेऊन फोन केला. मिस्टर आता ठीक आहेत. तरी उत्तर इथे देते, कारण तुमच्यासारखा हिशेब मी काउंटरवर रोज ऐकते.

कंपन्या तीन असतील, औषध एकच आहे. तुम्ही फोनवर वाचून दाखवलंत तसं : सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम. तापाची गोळी म्हणजे पॅरासिटामॉल ६५०. कंबरेच्या गोळीत अॅसिक्लोफिनॅक १०० आणि त्याच्या जोडीला पुन्हा पॅरासिटामॉल ३२५. आता बेरीज करा. ५०० त्रिक दीड हजार, ६५० त्रिक एकोणीसशे पन्नास, ३२५ दुणे साडेसहाशे. झाले ४१०० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची चोवीस तासांची कमाल मर्यादा ४००० आहे. आणि ती कमाल आहे, रोज गाठायचं लक्ष्य नव्हे. वजन कमी असेल, उपास चालू असतील, यकृताचा त्रास असेल किंवा रोजची दारू असेल, तर मर्यादा आणखी खाली येते. तुमच्या घरी यातली एक गोष्ट तर आहेच.

पॅरासिटामॉलइतकं सोयीचं औषध दुसरं नाही, मी स्वतः तापाला तेच घेते. पण जास्त झालं तर ते पहिल्या दिवशी काही बोलत नाही. फार तर मळमळ, एखादी उलटी. तीही माणूस सर्दीच्या खाती मांडतो. यकृताचं नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसायला लागतं. त्यावर उतारा आहे, दवाखान्यात मिळतो, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. म्हणून जास्त गोळ्या पोटात गेल्या असं लक्षात आलं की "काही होतंय का बघू" म्हणत बसायचं नाही. सगळ्या स्ट्रिपा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालायच्या आणि डॉक्टरांकडे जायचं.

क्रोसिन, डोलो, कॅलपॉल, तिन्ही पॅरासिटामॉलच. गरम पाण्यात विरघळवून प्यायच्या सर्दीच्या पुड्यांतही बहुधा तेच असतं. नियम एवढाच ठेवा : घरात एका वेळी पॅरासिटामॉल असलेली एकच गोळी चालू. सर्दीची मिश्र गोळी घेतली तर तापाची वेगळी नको. ताप नसेल तर मिश्र गोळीची गरजही नाही. नाक गळतंय तेवढ्यापुरतं मागा.

प्रश्न : मॅडम, आमची मुलगी दीड वर्षाची. छिंदवाड्याच्या प्रकारानंतर आम्ही घरातली सगळी सिरपं फेकून दिली. आता तिला सर्दी-खोकला झालाय. डॉक्टरांनी तपासलं आणि फक्त नाकात घालायचे सलाइनचे थेंब लिहून दिले. फी घेऊन औषधच नाही! आई म्हणते, कापूर-ओव्याची पोटली गळ्यात बांध आणि मध चाटव. काय करू? — एक बाप, नागपूर

तुमचे डॉक्टर सोडू नका. तपासून "औषध नको" म्हणायला धारिष्ट लागतं, विशेषतः समोर आजी बसलेल्या असताना.

तुम्ही नागपूरचे, त्यामुळे त्या बातम्या तुम्ही शेजारच्या घरातल्यासारख्या ऐकल्या असणार. छिंदवाड्याची कितीतरी पोरं शेवटी तुमच्याच शहरातल्या दवाखान्यांत आणली होती. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात : सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात लहान मुलांची लघवी बंद होऊन मूत्रपिंडं निकामी झाली, वीसहून अधिक मुलं गेली. तमिळनाडूत बनलेल्या कोल्ड्रिफ नावाच्या सिरपच्या एका बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं, ४८.६ टक्के. चालण्याजोगी मर्यादा ०.१ टक्का आहे. हे कारखान्यात वापरायचं रसायन, चवीला गोड, दिसायला ग्लिसरिनसारखं. औषध विरघळवायला जे शुद्ध द्रावक लागतं, त्याच्या जागी किंवा त्यात मिसळून ते येतं. आपल्या राज्याला हे नवीन नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने भेसळलेल्या ग्लिसरिनमुळे १४ रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, मोठा अहवाल आला. तरी चाळीस वर्षांनी तेच नाव पुन्हा वाचायला मिळतं, याचा मला राग येतो.

खरं सांगायचं तर ही भेसळ बाटलीकडे बघून मला ओळखता येत नाही, तुम्हालाही येणार नाही. वास नाही, रंग नाही. ती पकडायची जागा कारखाना आणि सरकारी प्रयोगशाळा. आपल्या हातात एवढंच आहे की ज्या सिरपची गरजच नाही ते पोराच्या पोटात घालायचं नाही. आणि दीड वर्षाच्या मुलीला खोकल्याच्या सिरपची गरज नसते, मग ते कितीही शुद्ध असो. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने स्पष्ट कळवलं : दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहायची नाहीत, द्यायची नाहीत; पाच वर्षांखालीही सर्वसाधारणपणे नकोत. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये, क्लोरफेनिरामीन (शिंका, नाक गळणं थांबवणारं) आणि फेनिलेफ्रिन (नाक मोकळं करण्यासाठी घालतात ते) एकत्र असलेल्या औषधांवर 'चार वर्षांखालील मुलांसाठी वापरू नये' असं छापायचा आदेश निघाला होता. लहान मुलांच्या सर्दीच्या थेंबांत हीच जोडी असायची. या औषधांनी पोर गुंगतं, क्वचित उलट चिडचिडं होतं, श्वास मंदावण्याचा धोका असतो. आणि सर्दी? औषधं घ्या किंवा नका घेऊ, ती सात ते दहा दिवसच राहते.

आता काय करायचं. सलाइनचे दोन-दोन थेंब प्रत्येक नाकपुडीत, पाजायच्या आणि झोपवायच्या आधी. मिनिटभराने मऊ कापडाने नाक टिपून घ्या. अंगावर पीत असेल तर थोड्या थोड्या वेळाने पाजा. वरणाचं पाणी, पेज, कोमट पाणी, जे घेईल ते. ताप असेल तरच पॅरासिटामॉल, तेही वजनावर. मध तुमच्या मुलीला चालेल, कारण तिने वर्ष ओलांडलंय. झोपताना अर्धा चमचा पुरे. रात्रीच्या खोकल्याला त्याने खरंच थोडा आराम पडतो. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटभरही नको. मधात क्वचित एका जिवाणूची बीजं असतात, बाळाच्या आतड्यात ती रुजून अंग लुळं पाडणारं विष तयार करतात. आपल्याकडे बाळगुटी मधात उगाळतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. गुटीवरून सासूशी वाद घालायचा नसेल तर आईच्या दुधात उगाळा.

पोटली नको. आईंना राग येईल, पण कापूर हे साधं प्रकरण नाही. या वयाचं मूल हातात येईल ते तोंडात घालतं आणि कापराचा छोटा तुकडा पोटात गेला तरी झटके येऊ शकतात. कापूर असलेले बामही दोन वर्षांखाली छातीला, नाकाला लावू नयेत. नाकात कोमट तेल सोडायची पद्धत काही घरांत अजून आहे. ते तेल फुप्फुसात उतरतं, तेही बंद. आणि वाफेचं पातेलं पोरापुढे धरणं तर नकोच.

एक गोष्ट शिकून ठेवा. ती शांत किंवा झोपलेली असताना अंगातला शर्ट वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास होत असतील, दोन महिने ते वर्षापर्यंतच्या बाळाचे ५० किंवा जास्त, त्याहून लहान बाळाचे ६० किंवा जास्त, तर ही नुसती सर्दी नाही. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर वाटत असतील, पाणी-दूध घेत नसेल, निपचित पडली असेल, बराच वेळ लघवी झाली नसेल, तर रात्र असली तरी निघा. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला तरी तेच.

प्रश्न : नातवाचे तापाचे ड्रॉप्स संपले. घरात तापाचं सिरप होतं. तेवढेच मिली दिले, ताप काही उतरला नाही. औषध नकली असेल का? — एक आजी, कऱ्हाड

नकली नाही आजी, पातळ होतं. देव पावला की चूक या बाजूला झाली. तापाच्या ड्रॉप्समध्ये साधारण एका मिलीत १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. सिरपमध्ये पाच मिलीत १२५, म्हणजे एका मिलीत २५. चौपट फरक. दहा किलोच्या पोराला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम लागतं : ड्रॉप्स असतील तर एक ते दीड मिली, हे सिरप असेल तर चार ते सहा मिली. आता उलटं झालं असतं, सिरपचं माप मनात धरून सहा मिली ड्रॉप्स पाजले असते, तर ६०० मिलिग्रॅम गेलं असतं. वर बाजारात २५०चंही सिरप आहे, तेही त्याच आकाराच्या बाटलीत.

म्हणून डॉक्टरांकडून मिली लिहून घेताना कुठल्या बाटलीचे ते लिहून घ्या. दोन डोसांत सहा तासांचं अंतर, दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका. माझ्याच घरात तीन मापांचे 'पोहे खायचे' चमचे आहेत. बाटलीबरोबर आलेलं टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या, सिरिंज आम्ही पाच-दहा रुपयांत देतो. आणि बाटली हलवून घ्या, नाहीतर वरचं पाणी आज पोटात जातं आणि तळाचा गाळ चार दिवसांनी.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ६८. तीन महिने कोरडा खोकला आहे. घशात सारखी खवखव. मेडिकलमधून आणलेलं सिरप घेतलं की रात्र बरी जाते, म्हणून चौथी बाटली चालू आहे. बीपीची गोळी (रॅमिप्रिल) उन्हाळ्यापासून घेतो. हल्ली लघवीला बसलं की धार लवकर सुटत नाही. सिरपवर छापलेलं खाली उतरवून पाठवतो : डेक्स्ट्रोमेथॉर्फन, क्लोरफेनिरामीन, फेनिलेफ्रिन. शिवाय ज्येष्ठमधाचा काढा दोन वेळा. आणखी काय घेता येईल? — चिपळूण

सर, घटक लिहून पाठवणारे तुम्ही एकटेच. शिक्षक ते शिक्षक. त्यामुळे मलाही नीट उत्तर देता येतंय, आणि उत्तर "आणखी काही घेऊ नका" असं आहे.

तुमच्या बीपीच्या गोळीपासून सुरू करते. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काही जणांना नेमका असाच खोकला येतो : कोरडा, खवखवणारा, कफ नाही, ताप नाही. गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही सुरू होतो, त्यामुळे माणसाच्या मनात संबंध जुळत नाही. असं असेल तर सिरपच्या चार काय, चाळीस बाटल्यांनी तो जाणार नाही. डॉक्टर गोळी बदलून देतात, टेल्मिसार्टन-लोसार्टनच्या गटात हा त्रास सहसा नसतो. खोकला मग काही आठवड्यांत आपसूक ओसरतो. पण बदल त्यांनी करायचा. तुम्ही उद्यापासून गोळी बंद केलीत तर बीपी उसळेल, ते खोकल्यापेक्षा महाग पडेल.

आता सिरप. डेक्स्ट्रोमेथॉर्फन मेंदूतली खोकल्याची उबळ दाबतं, कारण आहे तिथेच राहतं. फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे बीपी वाढवण्याच्या बाजूचं. तुम्ही एका हाताने बीपी उतरवताय, दुसऱ्या हाताने चढवताय. आणि क्लोरफेनिरामीन : वयस्कर पुरुषाच्या प्रोस्टेटची गाठ थोडी वाढलेली असतेच, त्यात हे औषध मूत्राशय ढिलं पाडतं. धार सुटत नाही याचं एक कारण त्या बाटलीत असू शकतं. एखाद्या रात्री लघवी पूर्ण अडते आणि कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालायची वेळ येते. काचबिंदू असणाऱ्यांनीही हे औषध विचारूनच घ्यावं.

ज्येष्ठमधाचं म्हणाल तर चिमूटभर तोंडात धरायला हरकत नाही, पण महिनोन्महिने रोज दोन काढे म्हणजे औषधाचा डोस झाला. त्याने अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं, बीपी वाढतं. झाडपाल्याचं म्हणून बिनधोक असं काही नसतं. आमच्या कपाटातल्या कफ पातळ करणाऱ्या ब्रोमहेक्सिनचं मूळ अडुळशातल्या व्हॅसिसिनमध्ये आहे. झाडपाला आणि कंपनीचं औषध यांत लोक समजतात तेवढी मोठी भिंत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करायचा असतो, क्षयरोग नाही ना हे बघायला. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते, चौकशीला निक्षय या सरकारच्या क्षयरोग योजनेचा १८००-११-६६६६ हा टोल फ्री नंबर आहे. तुमचे तीन महिने झालेत. कारण बीपीची गोळीच निघेल असा माझा होरा आहे, पण होऱ्यावर थांबू नका. वजन उतरलं असेल, रात्री घाम येत असेल, थुंकीत रक्त दिसलं असेल, तर हे पत्र वाचून झालं की निघा. चौथी बाटली घरीच राहू दे. डॉक्टरांना तिचं लेबल मात्र दाखवा.

प्रश्न : एसटीत चालक आहे. रातराणीची ड्युटी. सर्दीची गोळी घेतली की डोळे जड होतात, नाही घेतली तर शिंका. — सोलापूर

ड्युटीच्या दिवशी ती गोळी नको, दादा. त्यातल्या क्लोरफेनिरामीनची गुंगी रात्री घेतली तर सकाळीही उरते, आणि आपण गुंगीत आहोत हे गुंगीतल्या माणसाला कळत नाही. 'झोप न आणणारी' म्हणून मिळणाऱ्या सेटिरिझिननेही काहींना झोप येते. पहिल्यांदा घ्यायची तर सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा. गाडीवर असताना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, नाकात सलाइनचा स्प्रे, गरम चहा. शिंका फारच असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन एक दिवस रजा टाका. मागे चाळीस माणसं बसलेली असतात.

प्रश्न : सर्दीत नाक चोंदलं म्हणून नाकात सोडायचे थेंब आणले. सर्दी गेली, पण थेंब सोडल्याशिवाय झोपच लागत नाही. आता दिवसात पाच-सहा वेळा लागतात. बाटली खिशात नसली की घाबरायला होतं. — हॉस्टेलवरचा विद्यार्थी, पुणे

तुझी सर्दी कधीच गेली, आता नाक चोंदतंय ते थेंबांमुळे. झायलोमेटाझोलीन आणि ऑक्सिमेटाझोलीन या औषधांनी नाकातली सूज दोन मिनिटांत उतरते, त्यामुळे ती लाडकी आहेत. पण चार-पाच दिवसांपुढे वापरली की असर उतरल्यावर सूज आधीपेक्षा जास्त येते, मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. बाटलीवर मुदत छापलेली असते. ती बाटली संपेपर्यंतची नसते.

सोडवायची रीत आहे. आधी एका नाकपुडीत बंद कर, दुसरीत चालू ठेव. बंद केलेली नाकपुडी आठवडाभर त्रास देईल, मग मोकळी व्हायला लागेल, नंतर दुसरी. सोबत सलाइन हवं तितकं. याने जमलं नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञ स्टिरॉइडचा स्प्रे देतात. 'स्टिरॉइड' ऐकून दचकू नकोस, तो नाकापुरता असतो.

थेंबांऐवजी गोळी घेऊ का असं विचारणारच असशील. नाक मोकळं करण्यासाठी गोळ्यांत फेनिलेफ्रिन घातलेलं असतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने सांगितलं की तोंडावाटे घेतलेलं फेनिलेफ्रिन चोंदलेल्या नाकाला उपयोगी पडत नाही. तरी आपल्याकडच्या बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत ते आहे. मीही त्या विकते, मागणी आहे म्हणून. पण विचारलंस तर हेच सांगेन.

प्रश्न : हिरवट कफ पडत असूनही आमच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय अॅझिथ्रोमायसिन द्यायला नकार दिला. तीनच गोळ्या तर असतात! ग्राहकाला काही हक्क आहेत की नाहीत? — एक संतप्त वाचक, अहिल्यानगर

त्या दुकानदाराचा पत्ता कळवा, मला त्यांचा सत्कार करायचाय. सर्दी विषाणूची असते, अॅझिथ्रोमायसिन जिवाणूवर चालतं. चौथ्या-पाचव्या दिवशी कफ पिवळा-हिरवा होणं हा सर्दीचा नेहमीचा क्रम आहे. एवढ्यावरून जिवाणू ठरत नाहीत. स्ट्रिपवर उभी लाल रेघ आणि 'आरएक्स' अशी खूण दिसली की ते औषध चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असा कायदा आहे. खोकल्याच्या कितीतरी सिरपांवरही ती खूण असते, आणि ती सर्रास तशीच विकली जातात हे मला माहीत आहे. 'चिठ्ठीशिवाय चालणारी औषधं' अशी वेगळी यादी आपल्या कायद्यात नाही; चिठ्ठीच्या यादीत जे नाही ते उरलेलं. त्यामुळे काउंटरवर मिळालं म्हणजे साधंच असणार, हा समज इथे फार काळ टिकत नाही.

पाच-सहा दिवसांनी बरं वाटून पुन्हा जोरात ताप आला, गालाची हाडं दुखायला लागली, धाप लागली, छातीत कळ आली, तर डॉक्टर. ते देतील ती गोळी मी आनंदाने देईन.

प्रश्न : नाव छापू नका. उदासीसाठी एस्सिटालोप्राम चालू आहे. खोकल्याचं सिरप घेताना मेडिकलमध्ये हे सांगावं लागतं का? चारचौघांत बोलायची लाज वाटते.

सांगावंच. डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं सिरप या गोळीबरोबर घेतलं तर मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढून थरथर, घाम, छातीत धडधड, गोंधळल्यासारखं होणं असा त्रास होऊ शकतो. बोलायचं नसेल तर गोळीची रिकामी स्ट्रिप काउंटरवर ठेवा आणि "याच्याबरोबर चालेल असं द्या" एवढंच म्हणा. आमच्यातल्या कुणालाही त्यापुढे प्रश्न विचारायची गरज पडू नये.

प्रश्न : पाचवा महिना चालू आहे. सासूबाई अडुळशाचा रस घे म्हणतात, नणंद म्हणते गोळी घे. — पनवेल

दोन्ही नको. अडुळशाने गर्भाशयाला कळा येऊ शकतात. गोळी म्हणजे सर्दीची मिश्र गोळी असेल तर ती टाळा, आणि आयब्रुफेन ही दुखण्याची गोळी तर घेऊच नका. ताप असेल तर साधं पॅरासिटामॉल चालतं, तेही तुमच्या डॉक्टरांना फोन करून. गुळण्या, मध घातलेलं कोमट पाणी, आणि डोक्याखाली एक उशी जास्त. नणंदेला आणि सासूबाईंना हे उत्तर एकत्रच वाचून दाखवा.

प्रश्न : मुलगा दुबईला आहे. तिथलं खोकल्याचं औषध लागू पडत नाही म्हणतो. जाणाऱ्या माणसाबरोबर इथल्या दोन बाटल्या पाठवू का? — सावंतवाडी

पाठवू नका, मावशी. आपल्याकडच्या काही सिरपांत कोडीन असतं. ते अफूच्या कुळातलं औषध, संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित यादीत आहे. आधी परवानगी न घेता सामानात सापडलं तर झडती नेणाऱ्याची होईल, आणि त्या बिचाऱ्याला बाटलीत काय आहे हेही माहीत नसेल. दुसऱ्याचं औषध नेणं तर कधीच नको. मुलगा स्वतः येईल तेव्हा त्याने आपल्या नावाच्या चिठ्ठीसह, मूळ पॅकिंगमध्ये, आणि त्या देशाचे नियम आधी बघून न्यावं. तोवर तिथल्या फार्मासिस्टला विचारू दे. खोकला महिनाभर असेल तर औषध बदलण्याऐवजी छाती तपासून घेऊ दे.

प्रश्न : मागच्या हिवाळ्यातली अर्धी बाटली आहे, तारीख अजून पुढच्या वर्षीची आहे. वापरू का? — वाई

छापलेली तारीख सीलबंद बाटलीची. उघडल्यावर किती दिवस चालेल हे काही लेबलांवर वेगळं लिहिलेलं असतं. ते नसेल तर मी वर्षभर जुनी उघडी बाटली वापरू देणार नाही. तोंडाशी साखर धरलेली असते, चमचा तसाच आत बुडवलेला असतो, फ्रिजच्या वर उन्हाळा काढलेला असतो. टाकून द्या. टोपणही टाका. ते जपून ठेवून दुसऱ्या बाटलीला लावतात, आणि त्याच्या रेघा पाचच्या असतात की अडीचच्या, हे रात्री दोन वाजता कुणी बघत नाही.